तारीख कोण ठरवते आणि कारण कुठे लिहिलेले असते?

गेल्या अंकात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही वाचता आणि बदलता येतो अशा सॉफ्टवेअरवर, लिहिल्यानंतर बरीच पत्रे आली. नवी आवृत्ती केव्हा येणार, तिच्यात काय असणार आणि काय वगळले जाणार, हे नेमके कोण आणि कशाच्या आधारावर ठरवते, हा एकच प्रश्न त्यांत निरनिराळ्या रूपांत विचारलेला आहे. त्यांतली सहा पत्रे थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहे.

आमच्या माध्यमिक शाळेच्या संगणक कक्षात बारा जुने संगणक आहेत आणि त्यांवर आम्ही काही वर्षांपासून डेबियन ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली वापरतो. १३वी आवृत्ती बसवायला घेतली, तेव्हा ३२-बिट संगणकांसाठी तिचा इन्स्टॉलरच नाही असे कळले. आम्हाला कोणी विचारले नाही आणि सांगितलेही नाही. सर्वांसाठी असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये असा निर्णय बंद दाराआड कसा काय होतो? — एक शिक्षक, सातारा जिल्हा

आधी संगणकांविषयी लिहितो, कारण मुलांचे तास अडले असतील. संगणकावर आज ३२-बिट प्रणाली आहे म्हणून त्याचा प्रोसेसरही ३२-बिट असेल असे नाही. गेल्या पंधरा वर्षांत विकल्या गेलेल्या बहुतेक डेस्कटॉप संगणकांवर ६४-बिट डेबियन चालते. टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' (lscpu) ही आज्ञा दिल्यास प्रोसेसर कोणत्या पद्धतीने चालू शकतो ते पहिल्या काही ओळींतच दिसेल. जे संगणक खरोखर ३२-बिट आहेत, त्यांवर १२वी आवृत्ती, म्हणजे बुकवर्म, राहू द्यावी. तिला जून २०२८ पर्यंत दीर्घकालीन सुरक्षा-आधार जाहीर झालेला आहे. तो कोणत्या प्रोसेसर-प्रकारांना आहे, हे प्रकल्पाच्या पानावर एकदा तपासून घ्यावे.

आता आपल्या तक्रारीकडे येतो. हा निर्णय बंद दाराआड झाला नाही. डिसेंबर २०२३ मध्येच डेबियनच्या रिलीज गटाने जाहीर निवेदनात कळवले होते की कर्नल (प्रणालीचा गाभा), इन्स्टॉलर आणि प्रतिमा (प्रणाली बसवण्याच्या फाइली) तयार करणारे गट ३२-बिट इंटेल प्रकाराचा आधार लवकरच थांबवणार आहेत. आवृत्ती बाहेर पडली ९ ऑगस्ट २०२५ रोजी, म्हणजे मध्ये जवळजवळ वीस महिने गेले. आवृत्तीसोबतच्या टिपणांतही हे स्पष्ट नोंदलेले आहे. तरीही सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेला ते इन्स्टॉलर उघडल्यावरच कळले, ही गोष्ट उरतेच, आणि ती मला लहान वाटत नाही. निर्णय नोंदवण्यात डेबियन फार पुढे आहे. नोंद केलेले सामान्य वापरकर्त्यापर्यंत पोहोचवण्यात मात्र तो प्रकल्प, आणि त्याच्यासारखे बहुतेक प्रकल्प, कमी पडतात.

ही नोंदवण्याची शिस्त कशी आली, ते आपल्यासारख्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे. डेबियनचा १९९७ सालचा सामाजिक करार आहे. प्रकल्प आपल्या अडचणी लपवणार नाही आणि दोषनोंदींचा संपूर्ण संग्रह सर्वांना कायम खुला ठेवील, असे त्याचे तिसरे कलम सांगते. आवृत्तीची घडण या कलमावर उभी आहे. स्वयंसेवक आपले पॅकेज, म्हणजे एकेका प्रोग्रॅमचा बसवण्याजोगा संच, आधी 'अनस्टेबल' या विभागात टाकतात. तेथे ठरावीक दिवस राहून, नवा गंभीर दोष न आणता आणि इतर पॅकेजे न मोडता ते टिकले, तरच 'टेस्टिंग'मध्ये जाते, आणि पुढची स्थिर आवृत्ती याच टेस्टिंगमधून तयार होते. एखादे पॅकेज पुढे का सरकले नाही, याचे कारण एक प्रोग्रॅम स्वतःच एका सार्वजनिक पानावर लिहीत असतो. त्या पानाला दिलेल्या नावाचा अर्थ मराठीत 'सबबी' असाच होतो. दोषांच्या वरच्या तीन प्रती, म्हणजे क्रिटिकल, ग्रेव्ह आणि सीरियस, आवृत्तीला अडवणाऱ्या मानल्या जातात. त्यांतला एखादा दोष या खेपेपुरता सोडून द्यायचा असे रिलीज गटाने ठरवले, तर त्या दोषनोंदीवरच तशी खूण करावी लागते आणि ती कोणालाही दिसते. या सगळ्या व्यवस्थेत मला ही खूण सर्वांत मोलाची वाटते. दोष ठाऊक असताना आवृत्ती सोडावी लागते, हे सॉफ्टवेअरच्या जगात अटळ आहे. दोष ठाऊक होता आणि तो अमुक गटाने जाणून सोडून दिला, हे जागच्या जागी लिहून ठेवणे मात्र आपल्या हातात असते.

हे सारे पहिल्यापासून इतके नीट नव्हते. जुलै २००२ मधल्या वुडी या आवृत्तीनंतर सार्ज ही पुढची आवृत्ती येण्यास जून २००५ उजाडले. या रखडण्याला कंटाळलेल्या रिलीज गटाची आणि संग्रह सांभाळणाऱ्या गटाची मार्च २००५ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे बैठक झाली. सार्ज अकरा प्रोसेसर-प्रकारांसाठी तयार होत होती, आणि पुढच्या आवृत्तीपासून पूर्ण आधार फक्त चार प्रकारांना द्यावा, असा प्रस्ताव त्या बैठकीतून बाहेर आला. उरलेल्या प्रकारांवर वर्षानुवर्षे राबणाऱ्या स्वयंसेवकांना तो तयार स्वरूपातच वाचायला मिळाला, आणि प्रकल्पात मोठे वादळ उठले. प्रस्तावामागची कारणे खरी होती. सर्व प्रकारांवर एकाच वेळी पॅकेजे तयार ठेवणे खरोखरच जड जात होते. पण ही कारणे इतरांसमोर मांडून, त्यांची उत्तरे ऐकून मग निष्कर्षाला यावे, हा क्रम उलटा झाला होता. पुढे प्रत्येक प्रकारासाठी पात्रतेच्या अटी लिहिल्या गेल्या आणि कोण कोणत्या अटीत बसतो याचा तक्ता सर्वांसमोर ठेवला गेला. एप्रिल २००७ मध्ये एच ही आवृत्ती आली ती अकरा प्रकारांसह आली. एम६८के हा जुना प्रकार गळला, तो या अटींत न बसल्यामुळे.

तेवढ्याने धडा पुरता गिरवला गेला नाही. जुलै २००९ मध्ये स्पेनमधल्या कासेरेस येथील वार्षिक परिषदेत, यापुढे दर दोन वर्षांनी डिसेंबरमध्ये आवृत्ती गोठवली जाईल, म्हणजे तिच्यात नवे बदल घेणे थांबेल, आणि पहिली गोठवणी त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये होईल, असे जाहीर झाले. लेनी ही आवृत्ती फेब्रुवारीतच आली होती, त्यामुळे पुढच्या कामाला जेमतेम दहा महिने मिळत होते, आणि हे काम करणाऱ्यांना कोणी विचारले नव्हते. ओरड झाली आणि काही दिवसांतच ती तारीख मागे घ्यावी लागली. प्रत्यक्ष गोठवणी ऑगस्ट २०१० मध्ये झाली. १३व्या आवृत्तीच्या वेळी मात्र १५ मार्च, १५ एप्रिल आणि १५ मे या टप्प्याटप्प्याच्या तारखा, आणि कोणत्या टप्प्यानंतर कोणता बदल चालणार नाही याचे नियम, आधीच लिहून ठेवले होते. व्हँकूव्हरचा निर्णय आणि आपल्या ३२-बिट संगणकांविषयीचा निर्णय यांतले हे अंतर विद्यार्थ्यांना जरूर दाखवावे.

प्रत्येक बदल जर सार्वजनिक कोड-भांडारात दिसतो, तर आवृत्तीचा निर्णय वेगळा पारदर्शक असण्याची गरजच काय? कोड वाचा म्हणजे झाले. — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली

कोडमधून काय बदलले ते कळते. तो बदल या आवृत्तीत का घेतला, शेजारचा का मागे ठेवला आणि ठाऊक असलेला दोष कोणाच्या शब्दावर पुढे जाऊ दिला, हे कोडमधून कळत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १५व्या आवृत्तीचे उदाहरण घ्या. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत जेसन या स्वरूपातली माहिती हाताळण्याच्या नव्या सोयी तिच्यासाठी तयार झाल्या होत्या, बीटा या चाचणी-आवृत्तीत सर्वांनी पाहिल्याही होत्या, आणि सप्टेंबर २०२२ च्या सुरुवातीला, आवृत्ती तोंडावर असताना, त्या काढून टाकल्या गेल्या. नुसता कोड पाहणाऱ्याला काही हजार ओळी गायब झालेल्या दिसल्या असत्या. पण त्या प्रकल्पात प्रत्येक मोठ्या आवृत्तीसाठी नेमलेला व्यवस्थापन-गट असतो, सुटायच्या बाबींची यादी सार्वजनिक असते आणि चर्चाही उघड होते. म्हणून रचनेविषयीचे आक्षेप कोणते होते आणि उरलेल्या वेळात ते का मिटणार नव्हते, हे आजही वाचता येते. ज्याने त्या सोयींवर विसंबून आपले काम आखले होते, त्याला निदान कारण तरी मिळाले.

शिवाय कोड दिसतो तो केव्हा, हाही निर्णयच असतो. अँड्रॉइडची ३.० ही हनीकोंब आवृत्ती २०११ च्या आरंभी टॅबलेटांवर आली. गूगलने तिचा स्रोत त्या वेळी दिला नाही, आणि तो खुला झाला ४.० सोबत, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये. मार्च २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की यापुढे अँड्रॉइडचे सारे विकासकाम अंतर्गत शाखेत होईल आणि आवृत्ती आल्यावर स्रोत प्रसिद्ध केला जाईल. परवान्याच्या दृष्टीने यात काही गैर नाही. अँड्रॉइडचा बराच भाग ज्या अपाचे परवान्याखाली आहे, तो परवाना आपल्याला कोडचे हक्क देतो, निर्णयाच्या खोलीत बसण्याचा हक्क देत नाही. म्हणूनच निर्णयाची पारदर्शकता वेगळी मागावी लागते. ती परवान्यात आपोआप येत नाही.

मी नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या मराठी भाषांतराला फावल्या वेळात हातभार लावते. शब्दबंदीची तारीख पाहून आम्ही कामे वाटून घेतो. मग बंदीनंतर कोणी वाक्ये बदलली की शेवटच्या आठवड्यात मराठीची टक्केवारी घसरते. याबद्दल तक्रार करणे योग्य आहे का? — एक भाषांतरकार, नागपूर

योग्य तर आहेच, आणि त्यासाठी ठरलेली वाटही आहे. नोमच्या आवृत्त्या दर सहा महिन्यांनी, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये येतात आणि वेळापत्रक आधीच प्रसिद्ध होते. त्यातल्या शब्दबंदीनंतर पडद्यावर दिसणारे वाक्य बदलायचे असेल, तर भाषांतर-समन्वय गटाची परवानगी उघडपणे मागावी लागते. ती मागितली गेली नसेल, तर तो बदल मागे घ्या असे सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. संबंधित प्रकल्पात नोंद करताना बदललेले वाक्य, बदलाची तारीख आणि बंदीची तारीख एवढे तीनच तपशील द्यावेत, म्हणजे वाद वाढत नाही.

एक विनंती करतो. परवानगी मागितली असेल आणि कारण पटण्यासारखे असेल, उदाहरणार्थ मूळ इंग्रजी वाक्य वापरकर्त्याला चुकीचे बटण दाबायला लावत असेल, तर मराठीची टक्केवारी थोडी घसरली तरी चालेल. आकडा पूर्ण दिसण्यापेक्षा आपल्या वाचकाची फाइल वाचणे महत्त्वाचे आहे.

मी छोट्या व्यावसायिकांसाठी वर्डप्रेसवर संकेतस्थळे बनवतो. तेथे शेवटचा शब्द एकाच व्यक्तीचा असतो असे ऐकतो. एकच माणूस ठरवत असेल तर पारदर्शकतेला काय अर्थ उरतो? — एक वेब डिझायनर, डोंबिवली

एकाने ठरवणे आणि अपारदर्शक ठरवणे यांची गल्लत होऊ नये. एकाने घेतलेला निर्णय स्वच्छ असू शकतो, आणि पन्नास जणांच्या समितीचा निर्णयही कोणाला न कळणारा असू शकतो. दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहू. दोन्ही ठिकाणी शेवटचा शब्द मुख्यतः एका व्यक्तीचा होता.

पहिला प्रसंग आपल्या परिचयाचा असेल. २०१८ मध्ये वर्डप्रेस ५.० येणार होते आणि गुटेनबर्ग हा नवा ब्लॉक-संपादक त्यात मुख्य होणार होता. आवृत्तीचे नेतृत्व सहसंस्थापक मॅट मुलेनवेग यांच्याकडे होते. १९ नोव्हेंबर ही तारीख ठरली, ती २७ नोव्हेंबरवर गेली, तीही सरली आणि काही दिवस तारीखच नव्हती. मग ४ डिसेंबर रोजी कळवण्यात आले की आवृत्ती ६ डिसेंबरला येईल. सात तारखेपासून अमेरिकेतील नॅशव्हिल येथे वर्डप्रेसचे वार्षिक संमेलन होते, त्यामुळे अडचण आल्यास मदत करू शकणारी कितीतरी माणसे प्रवासात होती, आणि दुकाने चालवणाऱ्या संकेतस्थळांचा तो वर्षातला सर्वांत गर्दीचा काळ होता. त्याआधी ऑक्टोबरमध्ये अपंग वापरकर्त्यांच्या सोयी पाहणाऱ्या सुलभता-गटाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला होता. साहाय्यक साधनांवर अवलंबून असणाऱ्यांसाठी नव्या संपादकाची शिफारस करता येत नाही, असे त्या गटाने जाहीरपणे लिहिलेही होते. रोजची चर्चा खुली होती, दोषनोंदी खुल्या होत्या, कोड खुला होता. तरी कोणती अट पूर्ण झाली म्हणजे आवृत्ती सोडायची, आणि सुलभता-गटाचा आक्षेप त्या अटीत कुठे बसतो, हे आधी कोठे लिहिलेले नव्हते. म्हणून सहाची तारीख जाहीर झाली तेव्हा ती बरोबर की चूक हे तपासण्याचे साधनच लोकांच्या हाती नव्हते. त्या डिसेंबरात आपल्यापैकी अनेकांनी ग्राहकांसाठी घाईघाईने क्लासिक एडिटर, म्हणजे जुना संपादक परत आणणारे प्लगइन, बसवले असेल, ते याचमुळे.

दुसरा प्रसंग पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ३.१३ या आवृत्तीचा. २०१९ मध्ये मान्य झालेल्या एका प्रस्तावाने पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते, आणि प्रत्येक आवृत्तीचे वेळापत्रक स्वतंत्र प्रस्तावात आधीच लिहिलेले असते. ३.१३ साठी १ ऑक्टोबर २०२४ हा दिवस ठरला होता. शेवटच्या टप्प्यात असे आढळले की स्मृती मोकळी करण्याच्या नव्या पद्धतीमुळे काही प्रोग्रॅम लक्षणीय मंदावतात. रिलीज मॅनेजर थॉमस वाउटर्स यांनी तो बदल मागे घ्यायचे ठरवले. त्या दिवशी अंतिम आवृत्तीऐवजी तिसरी चाचणी-आवृत्ती दिली गेली, आणि अंतिम आवृत्ती ७ ऑक्टोबरला आली. ज्यांनी तो बदल मेहनतीने केला होता, त्यांना वाईट वाटले असणारच. पण कोणता बदल काढला, का काढला, कोणाच्या अधिकारात काढला आणि नवी तारीख कोणती, हे सर्व त्या दिवसांतच वाचायला मिळत होते. मतदान झाले नाही आणि कोणाला अंधारात ठेवलेही नाही.

आपण विचारलेल्या अर्थाचे माझे उत्तर यातच आहे. निर्णय एकाचा की अनेकांचा, हे मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. खोलीत नसलेल्या माणसाला, निर्णयाचा फटका बसण्याआधी, त्याची अट आणि कारण वाचता येते का, हे मी पहिल्यांदा पाहतो.

आमच्या नागरी सहकारी बँकेचे काही सर्व्हर लिनक्सवर आहेत. सुरक्षेचे दोष मात्र आधी काही मोजक्या लोकांनाच सांगितले जातात असे समजले. मग हे 'खुले' कसे? — संगणक विभागातील अधिकारी

दुरुस्ती तयार होण्याआधी दोषाचा तपशील जाहीर झाला, तर आपल्या बँकेच्या आधी तो हल्लेखोर वाचील. म्हणून ठरावीक मुदतीची गुप्तता मला मान्य आहे, मात्र ती मुदत आधी लिहिलेली असली पाहिजे. डेबियनसारख्या लिनक्स वितरणांचे सुरक्षा-गट ज्या बंद यादीवर एकमेकांना दोष कळवतात, तिची कमाल मुदत १४ दिवसांची आहे आणि तो नियम सार्वजनिक आहे. काय लपवले आहे ते त्या काळात कळत नाही, पण किती दिवस लपवता येईल ते सर्वांना ठाऊक असते.

ही पद्धत कसोटीला लागल्याचे उत्तम उदाहरण २०२२ चे आहे. इंटरनेटवरची जोडणी सुरक्षित करणाऱ्या ओपनएसएसएल या प्रकल्पाने २५ ऑक्टोबरला जाहीर केले की १ नोव्हेंबरला ३.०.७ ही आवृत्ती येईल आणि तिच्यात 'क्रिटिकल' प्रतीच्या दोषाची दुरुस्ती असेल. दोष काय तो सांगितला नाही, दिवस मात्र सांगितला, म्हणजे माणसे कामावर हजर राहतील. त्याच सुमारास, ओपनएसएसएल वापरणाऱ्या फेडोरा या लिनक्स वितरणाची ३७वी आवृत्ती दारात उभी होती. फेडोरामध्ये आवृत्ती सोडण्याच्या अटी लिहिलेल्या असतात, अडवणारा दोष कोणीही सुचवू शकतो आणि 'जायचे की थांबायचे' हे ठरवणारी बैठक उघड होऊन तिचे इतिवृत्त प्रसिद्ध होते. आपल्यात कोणता दोष आहे हे माहीत नसतानाही, केवळ तो गंभीर असल्याच्या सूचनेवरून फेडोराने थांबायचे ठरवले, तसे जाहीर केले आणि आवृत्ती १५ नोव्हेंबरला आणली. १ नोव्हेंबरला तपशील बाहेर आला तेव्हा ओपनएसएसएलने प्रत उतरवून 'हाय' केली होती, आणि ती का उतरवली याचे स्पष्टीकरणही सोबत दिले होते. फेडोराने उगाच उशीर केला असे तेव्हा काहींना वाटले. मला तसे वाटत नाही. हाती असलेल्या माहितीवर तो निर्णय बरोबर होता, आणि ती माहिती किती अपुरी होती हेही त्यांनी लपवले नाही.

आपल्या विभागासाठी एवढेच सांगेन की वापरातल्या प्रत्येक प्रकल्पाच्या सुरक्षा-सूचना कोणाच्या मेलवर येतात, ते लेखी ठरवून घ्या. पूर्वसूचना आली आणि ती वाचणारा रजेवर होता, असे होऊ नये.

जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारे एक छोटे साधन मी एकटा सांभाळतो. 'दऱ्या'चे रूपांतर 'दर्या' असे होते, हा दोष सुटेना म्हणून नवी आवृत्ती पाच महिने थांबली आहे. काही जण रोज तगादा लावतात. एकट्या माणसाने मतदान, समित्या, नियम हे सगळे कुठून आणायचे? — मूळ कोल्हापूरचा, सध्या परदेशी असलेला अभियंता

आपल्याला समितीची गरज नाही. अपाचे प्रतिष्ठानासारख्या, अनेक मुक्तस्रोत प्रकल्प सांभाळणाऱ्या ठिकाणी आवृत्तीसाठी निदान ७२ तास मतदान खुले असते, किमान तीन अधिकृत होकार लागतात, आणि होकार देणाऱ्याने मूळ कोड स्वतः उतरवून, स्वाक्षरी तपासून, आपल्या संगणकावर बांधून, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करून, पाहणे अपेक्षित असते. ती शेकडो माणसांच्या संस्थेची गरज आहे. त्यातला शेवटचा भाग मात्र आपणही घ्यावा. मैत्रीतल्या कोणा एकाला, आपण प्रसिद्ध करणार तीच फाइल आधी बांधून पाहायला सांगा.

याचे कारण एक्सझेड या, फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या प्रकरणात आहे. ते साधनही मुख्यतः एकाच थकलेल्या माणसाच्या खांद्यावर होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्याकडे उशिराबद्दल तगादा लावला आणि नवा सहकारी घ्या असा दबाव आणला. पुढे ज्याच्या हाती आवृत्ती काढण्याचा अधिकार गेला, त्या नावाने फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या काढल्या. चोरवाट, म्हणजे परक्याला संगणकात शिरू देणारा छुपा मार्ग, चालू करणारी एक फाइल त्यांच्या टारबॉलमध्ये, म्हणजे वाटपासाठी बनवलेल्या कोडच्या एकत्रित फाइलमध्ये, होती, सार्वजनिक भांडारात नव्हती. पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, त्यांनी तो माग शेवटपर्यंत काढला आणि २९ मार्चला सर्वांना कळवले. सगळे जण भांडार पाहत होते आणि बसवत होते टारबॉल. या दोहोंत फरक का आहे, असे विचारण्याची सवय कोणालाच नव्हती. तगादा लावणारे सगळे वाईट हेतूचे नसतात, आपल्याकडचे तर नक्कीच नसतील. पण तगाद्यामुळे अधिकार देऊ नका, आणि आवृत्तीची फाइल भांडारात त्या आवृत्तीसाठी केलेल्या सार्वजनिक खुणेवरून दुसऱ्या कोणालाही तशीच बनवता येईल अशी ठेवा.

दोषासाठी पाच महिने थांबण्याविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. काही वर्षांपूर्वी मीही एका लहान प्रकल्पात होतो. तिथे एक ठाऊक असलेला दोष टिपणात न लिहिता आम्ही आवृत्ती सोडली, आणि एका वापरकर्त्याने त्या दोषासह दोनशे पाने छापखान्यात दिली. त्याचा राग दोषावर नव्हता. 'तुम्हाला माहीत होते, मग सांगितले का नाही?' एवढाच त्याचा प्रश्न होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून असे करा. बाकीच्या दुरुस्त्या तयार असतील तर आवृत्ती सोडा. आवृत्ती कोण काढतो, कोणत्या दोषाने ती अडते आणि कोणत्याने अडत नाही, हे अर्ध्या पानात लिहून भांडारात ठेवा. हा दोष का सुटत नाही, म्हणजे जुन्या फॉन्टमधील कोणत्या दोन चिन्हांची गल्लत होते, ते त्याच्या नोंदीत सविस्तर मांडा. कदाचित अक्षरजुळणीची जुनी सवय असलेला कोणी त्यावर उपाय सुचवील. प्रकाशन-टिपणाची पहिलीच ओळ मात्र ही असू द्या: 'या आवृत्तीत दऱ्या, सुऱ्या, तऱ्हा, वाऱ्यावर यांसारख्या शब्दांतील ऱ्य आणि ऱ्ह चुकतात, मजकूर छापण्याआधी हे शब्द शोधून तपासावेत.'